पडदा नसलेली झालर

भिवंडीत नारपोलीच्या दोन खोल्या सोडून आम्ही कल्याण रस्त्याच्या बाजूला फ्लॅट घेतला, तेव्हा हॉलची खिडकी बघून मी हरखून गेले होते. साडेपाच फूट रुंद, सरकत्या काचांची, तिसऱ्या मजल्यावर. खाली मोकळा प्लॉट, त्यात साचलेल्या पाण्यात उभे बगळे, दोन ताडाची झाडं आणि लांबवर पूर्णा गावाच्या बाजूच्या गोदामांची निळी पत्र्याची छपरं.

पण खिडकीच्या वरचा भिंतीचा पट्टा बघवत नव्हता. आधीच्या मालकाने पडद्याचा दांडा निदान तीनदा जागा बदलून ठोकला असणार. भोकं सिमेंटने बुजवलेली, त्यावर वेगळ्याच पांढऱ्या रंगाचे ठिपके. चौकट बसवताना गवंड्याने वरच्या कोपऱ्यात फट सोडली होती, तीही कसल्याशा पिवळ्या फेसाने भरलेली. पाहुणे सोफ्यावर बसले की त्यांची नजर आधी तिथेच जायची, किंवा मला तसं वाटायचं.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासरे. मुलगी पुण्याला शिकते. मी मराठी शाळेत शिक्षिका, नवरा पूर्ण्याच्या एका गोदामात शिफ्टने कामाला. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते मूळ अंबाडीजवळच्या गावातले. विशीत भिवंडीत आले आणि अडतीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढली. सासूबाई आम्ही नारपोलीत असतानाच गेल्या. लूमच्या खडखडाटाने बाबांचे कान गेले ते गेलेच. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. मशीन आणलं होतं कानाचं, पण ते म्हणाले, "यात पण लूमच ऐकू येते," आणि ते डबीत घालून ठेवलं.

नव्या घरात आल्यापासून बाबांनी एक प्लास्टिकची खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवली होती. सकाळी आंघोळ, चहा झाला की ते तिथे बसत ते जेवायलाच उठत. जेवण झालं की परत तिथेच. काय बघतात, असं मी कधी विचारलं नाही.

कल्याणला माझ्या एका मैत्रिणीच्या घरी वास्तुशांतीला गेले होते, तिथे मी पहिल्यांदा नीट अशी झालर पाहिली. पडद्याच्या वर, चुण्या घातलेली, हातभर लांबीची. दांडा, क्लॅम्प, भोकं, सगळं तिच्या मागे लपलेलं. खिडकी एकदम नटल्यासारखी दिसत होती. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "आपल्याला हेच पाहिजे." त्याला झालर म्हणजे काय ते मोबाईलवर दाखवावं लागलं. "याला पेल्मेट म्हणतात ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, पेल्मेट लाकडाचं असतं, ही कापडाची. "बरं, कापडाची तर कापडाची," तो म्हणाला. त्याला रविवारी झोपायचं होतं.

मी बाजारातून तयार सेटच आणला. मरून रंगाचे जाड, चमकदार पडदे आणि वर तशीच झालर, तिला सोनेरी गोंडे. दुकानात ते फार भारदस्त दिसले होते. नवऱ्याने दोन तास खटपट करून जुन्याच क्लॅम्पवर ते लावले. बाबा खुर्ची मागे ओढून सगळं बघत होते.

सोमवारी शाळेतून आले तर दोन्ही पडदे दोन बाजूंना गोळा करून जुन्या नाडीने करकचून बांधलेले. मी सोडून नीट केले. मंगळवारी परत तसंच. बुधवारी आले तर पडदे दांड्यावर नव्हतेच. झालरही नव्हती. सगळं उतरवून, व्यवस्थित घड्या घालून सोफ्यावर ठेवलं होतं, वर गोंडे एका ओळीत मांडलेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस स्टुलावर चढून हे सगळं एकटा करत होता, हे मनात आलं आणि त्याने राग आणखीच वाढला.

मी म्हटलं, "बाबा, हे काय?"

त्यांनी कानाला हात लावला. मी आवाज चढवला. "हे काय केलंत? पडदे का काढले?"

"उजेड अडतो, पोरी."

"मग बाजूला सारायचे. काढायचे कशाला?"

"बाजूला सारलं तरी हात-दीड हात जागा खातात. मना बाहेरचं दिसत न्हाय."

"आणि घरात येणाऱ्यांना ते वरचं डागाळलेलं दिसतं, त्याचं काय? या घरात एक तरी गोष्ट माझ्या मनासारखी होऊ द्याल का?"

कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी भांडताना वाईट हे होतं की राग हळू आवाजात काढता येत नाही. साधं वाक्यही ओरडून म्हटलं की अंगावर गेल्यासारखं होतं. मला ते कळत होतं, तरी थांबता आलं नाही. मी म्हणाले, तुम्हाला दिवसभर तिथे बसून करायचं काय असतं? असा प्रश्न मी सव्वीस वर्षांत त्यांना विचारला नव्हता. बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटचं वाक्य त्यांना नीट ऐकू आलं असावं, कारण ते उठले, खुर्ची उचलली आणि आत आपल्या खोलीत नेली.

चार दिवस ती खुर्ची आतच होती. बाबांच्या खोलीची खिडकी बाजूच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. मी पडदे परत लावले नाहीत. लावायची हिंमत झाली नाही म्हणा. हॉलच्या उघड्या खिडकीशी कुणीच बसलेलं नसायचं आणि मी शाळेतून आल्यावर आधी तिकडेच बघायचे.

नवरा रात्रपाळी करून आलेला, त्याला मी सगळं सांगितलं. तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "शेडमध्ये खिडक्या बंद असतात, माहितेय ना तुला?"

"कुठल्या शेडमध्ये?"

"लूमच्या."

मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. नारपोलीत आमच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या शेडची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ होती. शेडच्या त्या भिंतीला चार खिडक्या होत्या, चारही आतून पत्रा ठोकून बंद. त्यांच्या गजांना मी बारा वर्षं कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. त्या बंद का आहेत हे कधी मनातच आलं नव्हतं. आतमध्ये त्या वेळी बाबा असायचे.

रविवारी दुपारी मी दोन कप चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. पलंगाच्या कडेला बसले आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात ओरडून विचारलं, "बाबा, शेडच्या खिडक्या का बंद ठेवायचे?"

ते जरा दचकले. मग म्हणाले, "वारा आला का धागा सुकतो. सुकला का तुटतो. तुटला का लूम थांबवा, गाठ मारा. शेठ बोंबलतो. म्हणून आधीच पत्रा मारायचा. आमच्याकडं तर फटीला पण गोणपाट लावलेलं."

"मग उजेड?"

"ट्यूबलाइट. दिवस हाय का रात, पाळी सुटल्यावर कळायचं. एकदा बाहेर आलो तर रस्त्यावर गुडघाभर पाणी. सकाळपासून पाऊस पडत व्हता, मना पत्ता न्हाय." ते हसले. "तुझी सासू म्हणायची, तू भिवंडीत राहतो का दुसरीकडं?"

मग मी माफी मागितली. ती पण ओरडूनच मागावी लागली. "बाबा, त्या दिवशी मी जास्त बोलले! चुकलं माझं!" त्यांनी "काय?" म्हटलं म्हणून दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या खाला भेटल्या. त्या कोकणी मुसलमान, भिवंडीतल्या कितव्या पिढीच्या ते त्यांनाही ठाऊक नाही. घरीच शिवणकाम करतात आणि अख्खी बिल्डिंग त्यांना खालाच, म्हणजे मावशीच, म्हणते. मला बघून त्या म्हणाल्या, "भांडण पण ऐकलं, माफी पण ऐकली. माफीचा आवाज मोठा होता, चांगलं झालं."

त्या चहाच्या दिवशी मी बाबांना विचारलं होतं, "पडदे नकोत. पण फक्त वरची झालर लावली तर? खाली सगळं मोकळं. चालेल?"

त्यांनी विचार केला. हवेत हाताने खिडकी आखली, वर एक वीत मोजली, मग दीड वीत. "एवढीच? मग चालेल. पण त्या मरून कापडाची नको. ते कापड न्हाय, प्लास्टिक हाय."

"मग तुम्हीच चला कापड बघायला."

लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघं कधी एकत्र बाजारात गेलो नव्हतो. शनिवारी माझी शाळा सकाळची असते. दुपारी आम्ही रिक्षाने बाजारपेठेत गेलो. मी मनात ठरवून ठेवलं होतं, सायीच्या रंगाचं काहीतरी, वर हलकी तपकिरी नक्षी. बाबा दुकानात शिरले ते थेट तागे रचले होते तिकडे. एकेक ताग्याचं टोक ओढायचं, अंगठा आणि पहिलं बोट यांत घासायचं, उलटं करून बघायचं, सोडून द्यायचं. रंगाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बारा-तेरा तागे झाल्यावर दुकानदार म्हणाला, "चाचा, लेना है कि खाली देखना है?"

बाबांना ऐकू आलं नाही. मला आलं, आणि मी काही बोलणार तेवढ्यात बाबांनी एका ताग्यावर नख ठेवलं आणि त्याला बोलावलं. "ये देखो. यहाँ बाना टूटा है. आडवा धागा. कारागीर ने लूम देर से बंद की."

दुकानदाराने कापड ट्यूबलाइटखाली नेलं. मलाही काही दिसेना. बाबांनी त्याचं बोट धरून बरोबर त्या जागी ठेवलं, तेव्हा त्याला ती केसाएवढी रेघ दिसली. मग त्याने आणखी थोडा तागा उलगडला. तीच रेघ पुढे अजून दोन ठिकाणी होती. त्याने तो तागा बाजूला काढला आणि आमच्यासाठी चहा सांगितला. "कितने साल लूम पे?" त्याने विचारलं. बाबांनी बोटांनी दाखवलं.

चहा पिताना बाबा मला म्हणाले, "आम्ही फक्त कोरं कापड काढायचो. पांढरं पण न्हाय, मळकट. ट्रकमध्ये भरलं का गेलं. पुढं त्याला कुठला रंग चढतो, कोण घालतं, काय ठाव न्हाय." समोरच्या फळ्यांवर छापील कापडं रचलेली होती, ती ते बराच वेळ बघत राहिले.

आणि मग त्यांनी जे निवडलं ते बघून माझा चेहरा पडला असणार. हळदीसारखं पिवळंधमक सुती कापड, त्यावर बारीक हिरवी पानं.

"बाबा, हे जरा भडक नाही का?"

"भडक हाय," ते म्हणाले. "कापड चांगलं हाय. घट्ट इणलंय. धुतल्यावर आटेल, म्हणून आधीच भिजवून घे."

मी सायीच्या रंगाचा तागा हातात धरून उभी होते. खरं सांगायचं तर मला तोच हवा होता. त्यांना तो दाखवला. त्यांनी घासून बघितला आणि सभ्यपणे म्हणाले, "हाय बरा. पण हे मळकटच दिसतं. असं लय बघितलं." मी तागा परत ठेवला आणि पिवळं कापड फाडायला सांगितलं. रिक्षात ती पिशवी माझ्या मांडीवर होती आणि मी मनाची समजूत घालत होते की नाहीच आवडलं तर बेडरूममध्ये लावू.

भिजवून, वाळवून, इस्त्री करून कापड खालांकडे नेलं. बाबाही खाली उतरले. खाला म्हणाल्या, चुण्या चांगल्या पडायला खिडकीच्या दुप्पट लांबी पाहिजे, म्हणजे अकरा फूट. वर दांडा ओवायला नेफा. "कापड आडवं वापरते. एकच अखंड पट्टी निघेल, बीच में जोड नहीं आएगा."

बाबा खालांच्या हातवाऱ्यांवरून समजले. "नहीं, नहीं. ताना खड़ा रहना चाहिए." मग माझ्याकडे वळून, "लूमवर जो लांब धागा असतो तो ताणा. तो उभाच लोंबला पायजे. आडवा टाकला का झालर पोट काढंल."

"चाचा, तीस साल से सिलाई कर रही हूँ मैं."

"मैं अड़तीस साल से बुन रहा हूँ."

दोघंही मोठ्याने बोलत होते. खालांचा आवाज शिलाई मशीनवर बोलून बोलून मोठा झालेला आणि बाबांना त्याशिवाय ऐकू येत नाही. मी मधे पडले नाही. शेवटी खालांनीच तोडगा काढला. उरलेल्या कापडाचे दोन तुकडे कापले, एक उभा, एक आडवा. दोन्ही भिजवले आणि आपल्या खिडकीच्या ग्रिलला चिमट्यांनी टांगले. संध्याकाळी त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. आडवा तुकडा मधोमध थोडासा लोंबला होता. फार नाही, पण बघितल्यावर नजर तिथेच जात होती. उभा तुकडा सरळ होता.

"जोड चुण्यांमध्ये लपवते," खाला म्हणाल्या. "जीत गए चाचा." मग मला म्हणाल्या, "तुझा तो मरून पडदा पडलाय ना घरात? त्याची दोन बोटं रुंद पट्टी खाली लावू. वजन पण येईल, आणि पिवळा जरा दबेल." मला हे फार बरं वाटलं. बाबाही नाही म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी, दांडा जुन्या क्लॅम्पपेक्षा थोडा वर घ्यायचा म्हणून, नवऱ्याने कामावरच्या मित्राची ड्रिल मशीन आणली. मी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. पहिलं भोक छान झालं. दुसऱ्याला बीम लागला आणि ड्रिल नुसती किंचाळायला लागली, सिमेंटची पूड सगळ्यांच्या डोक्यावर. बाबा शांतपणे बघत होते. त्या घरात तेवढ्या आवाजाचा त्रास न होणारे तेच एक. दुसरं पातं आणून, घाम गाळून अखेर क्लॅम्प बसले. नवऱ्याने पाणसळ लावून दांडा अगदी समपातळीत केला, बुडबुडा बरोबर मधोमध. झालर ओवली, चुण्या सारख्या केल्या, खाली उतरला.

ती वाकडी दिसत होती.

त्याने परत चढून पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. खाली उतरला. परत वाकडी. आम्ही दोघं बराच वेळ कधी झालर, कधी पाणसळ बघत होतो. शेवटी नवऱ्याच्या लक्षात आलं, वरचा स्लॅबच एका बाजूला उतरता होता. झालर सरळ होती, घर वाकडं होतं.

"पाणसळ बरोबर सांगते," नवरा म्हणाला. "राहू दे."

बाबा खुर्चीत बसले होते. चार दिवस आत राहिलेली खुर्ची त्यांनी चहाच्या दुसऱ्या दिवशीच परत बाहेर आणली होती. त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "डावीकडं अर्धं बोट खाली घे."

"बाबा, मग ती खरंच वाकडी होईल."

"होऊ दे. ती पाणसळ इथं बसून बघणार हाय का?"

नवऱ्याने डावा क्लॅम्प सैल करून अर्धं बोट खाली घेतला. मी दारातून बघितलं, सोफ्यावरून बघितलं. झालर सरळ दिसत होती. पिवळा रंग मला वाटलं होतं तेवढा भडक नव्हता. खालची मरून पट्टी भारी दिसत होती. डाग, भोकं, पिवळा फेस, काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आणि खाली साडेपाच फूट उघडा उजेड. मला ती आवडली. इतकी आवडेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी ते बाबांना सांगितलं, दोनदा.

"बरी दिसते," ते म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरची एक बाई कापडाची पिशवी घेऊन वर आली. खालांनी तिला पाठवलं होतं. "आधी चाचांना कापड दाखव, मग शिवते," असं सांगून. बाबांनी कापड घासलं, उलटं केलं, ठीक आहे म्हणाले. मग आणखी एक आली. हळूहळू असं झालं की अकरा वाजता बाबा खाली खालांच्या दाराशी जाऊन बसायला लागले. गिऱ्हाईक आलं की कापड बघायचं, नसलं की दोघं मोठमोठ्याने गप्पा मारायचे. एकदा मी सुट्टीच्या दिवशी जिन्यातून जाताना ऐकलं, आम्ही बाबांना कधी विचारलं नव्हतं ते ते खालांना सांगत होते. लूमवर पहिल्या दिवशी बोट कसं कापलं, मालकाने काय म्हटलं, सासूबाईंनी हळद कशी लावली. मी पायरीवर थांबून ऐकलं आणि मग खाली जाऊन त्यांच्यापाशी बसले.

या वर्षी आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीला झालर लावली. ती माझ्या पसंतीची, निळ्या चौकडीची. बाबांनी कापड घासून बघितलं आणि म्हणाले, "पातळ हाय. पण तुला आवडलंय ना?" मी हो म्हटलं. फोडणीचा धूर बसून ती पंधरा दिवसांत चिकट होते आणि सारखी धुवावी लागते, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. आता दर दुसऱ्या रविवारी मी ती धुते आणि बाबा नेफ्यात दांडा ओवून देतात.